सिल्लोडचा मका, पाचोडची मोसंबी, पैठणचं पाणी

२०१६ मध्ये नायजेरिया, बेनिन, टोगो या पश्चिम आफ्रिकेतल्या देशांत मक्याच्या पोंग्यात एक अळी सापडली. ती मूळची अमेरिका खंडातली. दोनेक वर्षांत तिने सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचे बहुतेक देश व्यापले. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात दिसली, त्याच वर्षी महाराष्ट्रात आली आणि २०१९ च्या खरिपात छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या मक्यावर तुटून पडली. आपल्याकडे तिला लष्करी अळी म्हणतात. तिचा पतंग वाऱ्याची साथ मिळाली की एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो. माणसांना व्हिसा लागतो, कापसाच्या गाठींना जकात लागते; या पतंगाला काही लागत नाही.

या अळीच्या निमित्ताने मी पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यांविषयी वाचायला लागले आणि थोड्याच दिवसांत वाचलेलं सगळं ओळखीचं वाटू लागलं. पावसावरचा कापूस, मका, भुईमूग. उन्हाळ्यात तळ दाखवणाऱ्या विहिरी. दवाखाना लांब, बाजार त्याहून लांब, आणि भाव ठरवणारा माणूस कधी डोळ्यांनाही न दिसणारा. मालीतल्या शेतकऱ्याची आणि सोयगावच्या शेतकऱ्याची खर्चाची वही शेजारी ठेवली, तर भाषा आणि चलन सोडून फारसा फरक सापडणार नाही, असं मला वाटायला लागलं. ते तपासायचं तर आपल्या बाजूची वही आधी नीट वाचायला हवी. म्हणून २०२५ ची दिवाळी झाल्यावर जिल्ह्याच्या रस्त्यांवर निघाले. विचारायचं होतं ते तीनच गोष्टींविषयी: पाणी, बाजार आणि दुखणं.

ज्या शहरातून निघाले ते खडकी नावाने १६१० मध्ये वसवणारा मलिक अंबर आफ्रिकेतून आलेला होता. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे निजामशाहीचा कर्ता झाला. इथिओपिया पूर्वेला आणि आपला विषय पश्चिमेचा, त्यामुळे या धाग्यावर फार वजन टाकता येणार नाही. पण त्या माणसाला राज्य चालवायला काय लागतं ते नेमकं कळलं होतं. त्याने डोंगरउतारावरचं भूजल जमिनीखालच्या नहरीने शहरात खेळवलं आणि शेतजमीन मोजून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. पाणी आणि जमिनीचा हिशेब. चारशे वर्षं उलटून गेल्यावर त्याच शहराच्या अनेक वस्त्यांत गेली कित्येक वर्षं नळाला आठवड्याने पाणी येतं, आणि तेही पन्नासएक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून उपसून आणलेलं.

जळगाव रस्त्याने फुलंब्री मागे पडलं की दोन्ही बाजूंना आल्याचे गादीवाफे दिसतात. हिरवंगार, ठिबकवर जोपासलेलं, एकरी लाखांत खर्च मागणारं पीक. फुलंब्री, कन्नड, खुलताबाद या पट्ट्यात आल्याने कित्येकांची घरं उभी केली, आणि भाव बसला त्या वर्षी कित्येकांना कर्जातही घातलं. त्याच्या पुढे मात्र मका आणि कापसाचं राज्य सुरू होतं. मका हे या जिल्ह्याचं मोठं पीक. कणीस विकायचं, कडबा जनावराला, हिरवा कापला तर मुरघास. एवढं सगळं देणारं पीक सोडायला कोणी तयार होत नाही. २०१९ मध्ये अळीने पोंगे कुरतडून ठेवले तेव्हाही लोकांनी मका सोडला नाही. फवारण्या वाढवल्या.

सिल्लोडच्या अलीकडे एका शेतात थांबले. घरातल्या बाई बांधावर कणसं सोलत बसल्या होत्या. आफ्रिकेतले शेतकरी पोंग्यात राख किंवा बारीक माती टाकून अळी मारतात, असं मी वाचलं होतं. ते सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “ताई, आम्हीबी पहिल्या सालाला तेच केलं की. मूठ-मूठ माती टाकली पोंग्यात. पण पाच एकराला किती हात पुरवायचे?” मग औषध आलं. पाठीवर पंप, तोंडाला ओढणी, हातात काही नाही. फवारा मारणारा बहुतेक वेळा मजूर किंवा घरातला धाकटा मुलगा; औषधाचं पाणी कालवायचं काम बायकांकडे. कालवणारीच्या हाताला औषध सर्वांत तीव्र अवस्थेत लागतं, ही गोष्ट बाटलीवरच्या बारीक अक्षरांतून कोणाला कळणार?

या बाबतीतलं आपलं सर्वांत वाईट वर्ष २०१७. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, बोंडअळीच्या भीतीने औषधांची मिश्रणं मारली जात होती, आणि फवारा तोंडासमोरच उडत होता. पश्चिम आफ्रिकेतही हेच घडलेलं आहे. बेनिनच्या उत्तरेकडे बोर्गू भागात १९९९-२००० च्या हंगामात एंडोसल्फानने कापूस उत्पादक कुटुंबांतली अनेक माणसं दगावली. तिथेही कापसाचं औषध घरच्या धान्याजवळ ठेवलं जात होतं, फवारणीचे कपडे घरातच धुतले जात होते. आपल्याकडे काय वेगळं आहे? मी बसले होते त्या ओसरीवर कोनाड्यात औषधाच्या बाटल्या होत्या आणि त्याखालच्या फळीवर मिठाची बरणी.

मक्याची दुसरी गोष्ट बाजारात कळते. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्याने पाण्याखाली काढला, आणि दिवाळीनंतरही पाऊस येतच राहिला. त्यामुळे मी गेले तेव्हा मका ओला होता. रस्त्याच्या कडेला, मंगल कार्यालयाच्या आवारात, देवळासमोरच्या फरशीवर, जिथे म्हणून सपाट जागा होती तिथे मका पसरलेला. २०२५-२६ साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये आहे, पण ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा. ओला मका व्यापारी घेतो, मात्र त्याच्या भावाने. एका उपबाजारात मी तासभर उभी राहिले. हमीभावाच्या आसपास एकही ढीग गेला नाही. बोली लावणारा मूठभर दाणे हातात घेई, एक दाताखाली चावून बघे आणि आकडा सांगे. त्या दाताला यंत्राचा आधार नव्हता, शेतकऱ्याच्या हातात ओलावा मोजायचं साधन नव्हतं, आणि आवारात मका वाळवायचा ड्रायर मला कुठे दिसला नाही. माल परत न्यायचा तर भाडं अंगावर. आकडा मान्य करण्यावाचून इलाज काय?

इथे बाजार आणि आरोग्य एकाच ढिगात येऊन बसतात, आणि ही गोष्ट फार कमी बोलली जाते म्हणून जरा सविस्तर सांगते. ओल्या मक्यावर आणि भुईमुगावर एक पिवळसर-हिरवी बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते शिजवून जात नाही, भाजून पुरतं जात नाही. थोडं थोडं पोटात जात राहिलं तर यकृत बिघडतं, यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. एकदम जास्त गेलं तर माणूस मरतो. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला; खायला दुसरं नव्हतंच. कावीळ झाली, पोटं फुगली आणि शंभराहून अधिक माणसं गेली. बेनिन आणि टोगोमध्ये या शतकाच्या सुरुवातीला लहान मुलांच्या रक्तात या विषाच्या खुणा तपासल्या, तेव्हा ज्या मुलांत त्या जास्त होत्या ती मुलं वाढीत मागे पडलेली दिसली. मका आणि भुईमूग हेच तिथल्या मुलांचं दूध सुटल्यानंतरचं मुख्य अन्न.

पश्चिम आफ्रिकेने या प्रश्नावर एक शहाणं काम केलं. नायजेरियातल्या इबादान शहरात आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्याच बुरशीच्या, पण विष न करणाऱ्या, स्थानिक जाती शोधल्या. त्या शेतात आधीच टाकल्या की विषारी जातीला जागा उरत नाही. अफ्लासेफ नावाने ते आज अनेक आफ्रिकी देशांत शेतकऱ्यांना मिळतं. आपल्याकडे मात्र भिजलेल्या मक्याची चर्चा ‘भाव किती कापला’ इथे संपते. चांगला मका बाजारात जातो. काळा पडलेला घरी राहतो, कोंबड्यांना जातो, म्हशीला जातो, आणि तंगीच्या घरात माणसांच्याही ताटात जातो. जनावराच्या पोटात गेलेलं हे विष दुधातही उतरतं. पाच-दहा गावांना मिळून एक ड्रायर दिला तर भाव आणि यकृत दोन्ही वाचतील. जिल्हा नियोजनाच्या पैशातून चौक सुशोभित होतात. यंत्रं का येऊ नयेत, हा प्रश्न मी तिथे तीन-चार जणांना विचारला आणि सगळ्यांनी मलाच परत विचारला.

सिल्लोडच्या पुढे अजिंठ्याचा डोंगर उतरला की सोयगाव तालुका लागतो. पर्यटकांच्या गाड्या फर्दापूरला वळतात. कापूस त्यांच्या खिडकीतून पांढऱ्या रेषेसारखा निघून जातो. पहिली वेचणी करण्याआधी इथे सीतादही करतात, शेतातच दही-भाताचा नैवेद्य. एका कुटुंबाचं ते नुकतंच झालेलं होतं, आणि त्यांचं सगळं बोलणं भावावर येऊन थांबत होतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये. पण भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर विकायचं तर आधी मोबाइलवर ‘कपास किसान’ ॲपमध्ये नोंदणी, सातबाऱ्यावर पीकपेरा, आणि ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, १२ पर्यंत असेल तर कपात, त्यापुढे नाही. दिवाळीनंतरच्या दमट हवेत वेचलेल्या कापसाचा ओलावा १२ च्या आत कसा यायचा? मग दारात टेम्पो घेऊन येणारा खेडा खरेदीचा व्यापारी. तो हमीभावाहून बराच खाली घेतो, पण रोख देतो. वेचणीचे पैसे बायांना आठवड्याच्या बाजाराआधी द्यायचे असतात, ते केंद्राच्या तारखेची वाट पाहत नाहीत.

“गठाण कुठं जाते, सूत कुठं जाते, आम्हाला काय माहीत. आमचा कापूस टेम्पोत चढला की आमचा संबंध संपला,” असं घरातले वडीलधारे म्हणाले. संबंध संपतो हे खरं, परिणाम मात्र परत येतो. २०२१ मध्ये कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क लागू झालं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने ते स्थगित केलं आणि पुढे ३१ डिसेंबरपर्यंत सवलत वाढवली. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता, अमेरिकेच्या वाढीव शुल्काने कापड निर्यातदार अडचणीत होते. त्यांचीही बाजू आहे. पण सवलतीचे महिने नेमके आपल्या वेचणीचे महिने होते. ज्या देशांतून आपल्या गिरण्या गाठी मागवतात त्यांत पश्चिम आफ्रिकेतले देशही आहेत. म्हणजे सोयगावच्या कापसाच्या भावावर दडपण येतं तेव्हा त्यातला एखादा धागा मालीच्या शेतकऱ्याचा असतो, आणि त्यालाही त्याच्या कष्टाचं पुरेसं मिळालेलं नसतं.

या शेतकऱ्यांनी एकदा जगाला जाब विचारला होता. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे चार गरीब देश जागतिक व्यापार संघटनेत एकत्र उभे राहिले. श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना अनुदानं देतात आणि त्यामुळे जगभरचा भाव पडतो, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडलं. बुर्किना फासोचे अध्यक्ष स्वतः जिनिव्हाला गेले. त्याच वर्षी कानकुनची परिषद फिसकटली. निर्यात अनुदानं बंद करण्याचा निर्णय २०१५ मध्ये नैरोबीत झाला, पण देशांतर्गत मदतीचा प्रश्न तसाच आहे. त्या लढ्यात भारतातल्या कापूस उत्पादकाचंही हित होतं. आपल्या गावांत मात्र त्याची बातमीही नीट पोचली नाही.

पश्चिम आफ्रिकेच्या फ्रेंचभाषक देशांत कापूस कंपन्यांची पद्धत वेगळी आहे. मालीत सीएमडीटी, बुर्किनात सोफिटेक्स. हंगामाआधी बियाणं-खत उधार मिळतं, भाव जाहीर होतो, आणि कंपनीच कापूस उचलते. पैसे थकले की गावंच्या गावं अडकतात. महाराष्ट्राने १९७२ पासून हाच प्रयोग केला होता, एकाधिकार कापूस खरेदी योजना. जुनी माणसं अजून तिच्याविषयी बोलतात, आणि त्यांच्यात एकमत नाही. कोणाला हमखास विक्री आठवते, कोणाला ग्रेडरची मनमानी, थकलेले पैसे आणि चोरवाटेने शेजारच्या राज्यात नेलेल्या गाड्या. मला यातून एवढंच दिसतं की एकच खरेदीदार ठेवला तरी शेतकरी सुरक्षित होत नाही आणि सगळं मोकळं सोडलं तरी होत नाही. माल चार महिने धरून ठेवण्याची ताकद, म्हणजे गोदाम आणि त्यावर मिळणारं कर्ज, ज्याच्याकडे आहे त्यालाच भावाची भाषा बोलता येते.

सोयगावहून परतून जालन्याकडे गेले. जालना म्हणजे बियाण्यांची पेठ. बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली. १९९८ चं जागतिक अन्न पारितोषिक त्यांना मिळालं. भारतात २००२ मध्ये मंजूर झालेलं पहिलं बीटी कापूस वाण याच कंपनीचं. सुरुवातीच्या वर्षांत फवारण्या खरोखर कमी झाल्या, हे शेतकरी आजही सांगतात. पुढे गुलाबी बोंडअळीने त्या तंत्राला दाद देणं सोडलं आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर बोंडं किडली. बुर्किना फासोने २००८ मध्ये बीटी घेतलं आणि २०१६ पर्यंत सोडून दिलं, पण त्याचं कारण अळी नव्हती. धाग्याची लांबी कमी भरू लागली, हाताने वेचलेल्या त्यांच्या लांब धाग्याचा नावलौकिक जाऊ लागला, आणि कापूस कंपन्यांनीच नकार दिला. धाग्याच्या प्रतीवर पूर्ण देशाने निर्णय फिरवावा, हे मला विशेष वाटतं. आपल्याकडे प्रतीनुसार जादा भाव शेतकऱ्यापर्यंत पोचतच नाही, मग तो प्रतीचा विचार कशाला करील?

जालना-सिंदखेडराजा रस्त्यालगत कडवंची आहे. पाण्यावर बोलायचं तर या गावी जायलाच हवं. १९९६ ते २००२ या काळात इंडो-जर्मन कार्यक्रमातून इथे पाणलोटाचं काम झालं. मराठवाडा शेती साह्य मंडळ आणि खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र त्यामागे होतं. विजयअण्णा बोराडे यांचं नाव इथे घराघरात आदराने घेतात. आधी माथ्यावर समपातळी चर, मग बांधबंदिस्ती, मग ओघळींवर नियंत्रण, आणि मग शेततळी. हा क्रम महत्त्वाचा. माथा सोडून थेट नाल्यात जेसीबी घालणाऱ्या योजना नंतर पुष्कळ आल्या आणि गाळाने भरल्या. कडवंचीत आज द्राक्षबागांच्या मध्ये शेततळ्यांचे चौकोन दिसतात. २०१२-१३ च्या दुष्काळात आजूबाजूच्या मोसंबीच्या बागा जळून सरपण झाल्या, तेव्हा हे गाव तगलं. त्याला प्रश्न नाहीत असं नाही: प्लास्टिकच्या तळ्यात विहिरीचं पाणी उपसून भरायचं ही सवय सगळीकडे वाढली, तर जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी काहींच्या तळ्यात जाईल. बसाल्ट खडकात मुळातच साठवण थोडी. इथला पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही मोजक्या दिवसांत कोसळणारा.

बुर्किना फासोच्या उत्तरेकडे याकुबा सावाडोगो नावाचा शेतकरी होता. १९८० च्या दशकातल्या दुष्काळात त्याने जुनी खड्ड्यांची पद्धत सुधारली. टणक जमिनीत उन्हाळ्यातच खड्डे घ्यायचे, त्यात शेणखत टाकायचं, वाळवी ते खाताना जमीन भुसभुशीत करते, आणि पहिल्या पावसाचं पाणी तिथेच मुरतं. सोबत दगडांचे बांध. लोक त्याला वेडा म्हणत. २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये तो वारला. कडवंचीचे चर आणि त्याचे खड्डे यांची जातकुळी एक आहे: पडेल तिथे पाणी थांबवा, आणि मोठ्या धरणाच्या भरवशावर बसू नका.

बीड रस्त्यावर आडूल ओलांडलं की पाचोड. मोसंबीची पेठ. हंगामात इथून गाड्या थेट उत्तरेतल्या शहरांकडे जातात. इथे बाग उक्ती देण्याची रीत जुनी. झाडावरचं फळ बघून व्यापारी आकडा ठरवतो, आणि मग टनामागे घट कापतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, मात्र त्यामुळे ढिगाचा भाव वाढल्याचं मला कोणी सांगितलं नाही. शेतकऱ्यांचा राग भावापेक्षाही घटीवर होता. भाव पडला तर नशिबाला बोल लावता येतो, घट मात्र डोळ्यांदेखत कापली जाते.

पण मी पाचोडला आले होते दुखण्याचा हिशेब विचारायला. डॉ. अशोक दयालचंद यांनी सत्तरच्या दशकापासून इथे काम केलं आणि आरोग्य व्यवस्थापन संस्था उभी केली. सरकारी निकषाप्रमाणे तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र. कागदावर ते आहेही. गाव मात्र रात्री आजारी पडतं, आणि मग जीप करून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठायचं. मराठवाड्यातूनच काय, बाहेरूनही रुग्ण घाटीत येतात. तिथल्या डॉक्टरांवरचा भार पाहिला की तक्रार करायलाही जीभ धजत नाही. पाचोडच्या संस्थेने ओळखलं की दवाखान्यात येण्याच्या आधीची वर्षं महत्त्वाची. शाळा सुटलेल्या मुलींसाठी त्यांनी गावोगाव जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले, गावातल्याच बायका शिकवायच्या. या वर्गांच्या गावांत मुलींच्या लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष. ऐकायला थोडं वाटतं. सोळाव्या वर्षी बाळंत होणारी आणि सतराव्या वर्षी होणारी यांच्या हाडामांसात किती फरक असतो ते दाईला विचारा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त, ५४ टक्के, स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. कापूस वेचणाऱ्या, मका सोलणाऱ्या, पाणी आणणाऱ्या याच त्या.

लग्न लवकर का होतं याचं उत्तर पुन्हा पाण्याशी आणि बाजाराशी येऊन भिडतं. पाऊस गेला, पीक बुडालं की कुटुंब उसाच्या फडावर जातं. कोयत्याची उचल जोडीला मिळते, नवरा-बायकोला. वयात आलेली मुलगी गावी एकटी ठेवायची नाही आणि फडावर न्यायची भीती, म्हणून लग्न. पाचोडच्या पुढे बीड जिल्हा लागतो. तिथे २०१९ मध्ये ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीचे दिवस, जड मोळ्या, फडावर ना न्हाणी ना संडास, खाडा केला तर दंड, आणि साध्या तक्रारीवर ऑपरेशन सांगणारे खासगी दवाखाने. ऑपरेशनसाठी पुन्हा मुकादमाकडून उचल. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत आहे, आणि मोठ्या शस्त्रक्रियेला त्याचा खरोखर आधार होतो. पण औषधं, गाडीभाडं, बुडालेला रोज हे सगळं खिशातूनच जातं, आणि दुखणं अंगावर काढण्याचं कारण तेच असतं.

बीडच्या पलीकडे जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला, आणि आफ्रिकेसह अनेक देशांतले आरोग्य कार्यकर्ते तिथे शिकून गेले. हे सगळं आपल्याच मुलखात घडलेलं आहे. २००५ नंतर आलेली आशाताई ही त्याच कल्पनेची सरकारी आवृत्ती. फक्त तिला मानधनासाठी दर काही महिन्यांनी मोर्चा काढावा लागतो.

पाचोडहून पैठणला आले. दोन हजार वर्षांपूर्वी एका अनाम ग्रीक खलाशाने लिहिलेल्या पेरिप्लसमध्ये पैठणहून भडोचला बैलगाड्यांनी जाणाऱ्या मालाची आणि तेरहून येणाऱ्या कापडाची नोंद आहे. कापूस पिकवून कापड विकणारा हा मुलूख होता. आज कापूस इथून कच्चाच जातो, नफा पुढच्या शहरांत होतो. बेनिन-मालीतूनही तो तसाच जातो.

जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरण राष्ट्राला मिळालं. दहा किलोमीटर लांबीची मातीची भिंत, सत्तावीस दरवाजे, १०२ टीएमसीची साठवण. शंभरावर गावं नाथसागर जलाशयाखाली गेली. डाव्या-उजव्या कालव्याखाली मिळून १ लाख ८३ हजार हेक्टर भिजायचं होतं. प्रत्यक्षात वरच्या धरणांनी अडवलेलं पाणी, तळाचा गाळ, कालव्याची गळती आणि मुखाकडचा ऊस यांतून शेपटाला पोचतं ते थोडंच. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचं तत्त्व आणलं, मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये सूत्र दिलं, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये तो उचलून धरला: १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर नगर-नाशिकच्या धरणांतून सोडायचं. त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, औरंगाबाद खंडपीठाला इथल्या मद्य कारखान्यांचं पाणी निम्म्याने तोडायला लावावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच धरणाचे सगळे दरवाजे उघडले, गोदाकाठच्या गावांत पाणी शिरलं, उभा कापूस आणि तूर कुजली. एकाच शेतकऱ्याने नऊ वर्षांत ही दोन्ही टोकं भोगली.

माझं मत आता पक्कं झालं आहे. या जिल्ह्याला नव्या घोषणेची गरज नाही. कडवंचीचे चर, पाचोडचे वर्ग, जामखेडच्या सेविका ही कामं झालेली, मोजलेली आणि परवडणारी आहेत. ती शेजारच्या तालुक्यात जात नाहीत, हाच या मुलखाचा मोठा आजार. अजिंठा-वेरूळला येणाऱ्या वाचकांना विनंती एवढीच की दिवाळीच्या सुमाराला आलात तर लेणी पाहून झाल्यावर एक तास मक्याच्या लिलावात उभे राहा, ओलावा कशाने मोजला ते विचारा, आणि तुमच्या ओळखीचा कोणी जिल्हा परिषदेत, बाजार समितीत किंवा मंत्रालयात असेल तर त्याला पुढच्या खरिपाआधी एका ड्रायरसाठी पत्र लिहा.